‘बाबा, कन्सोल आता कोण घेतं?’

ताई, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वय ४५. फरकाचे पैसे आणि भिशी मिळून ऐंशी हजार हाताशी आलेत. घरचं सगळं भागवून उरलेले, म्हणून पहिल्यांदाच जरा हौस करावी म्हटलं. लहानपणी मामाकडे टीव्ही गेम होता. कॅसेट फुंकून घालायची आणि मी नि मामेभाऊ दिवसभर काँट्रा खेळायचो. आमच्या घरी तो कधी आला नाही. आपल्या पोराला घेऊन द्यायचा, असं तेव्हापासून मनात होतं. मुलगा आता अकरावी सायन्सला आहे. परवा ऐटीत त्याला म्हटलं, चल, प्लेस्टेशन घेऊ. मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला, “बाबा, कन्सोल आता कोण घेतं? पीसी घ्या.” वर त्यानं वहीत हिशेब मांडून दाखवला, त्यातला निम्मा माझ्या डोक्यावरून गेला. दुकानदार म्हणतो, पीसी म्हणजे नसती कटकट, कन्सोलच न्या. बायको म्हणते, दोन्ही नको, लॅपटॉप घ्या, इंजिनिअरिंगला लागेलच. पोराचं खरं आहे का? आणि जीटीए सहा हा नवा गेम फक्त कन्सोलवर येणार म्हणतात, ते काय आहे?

— फरकवाला बाप

सर, नमस्कार.

मुलाचं बरंचसं खरं आहे, दुकानदाराचं थोडं खरं आहे, आणि वहिनींचं म्हणणं दीड वर्षानं खरं होणार आहे. त्यामुळे घरात कोणाला खोटं पाडायची वेळ येणार नाही. फक्त मुलानं तुमच्यासमोर मांडलेल्या हिशेबात एक पान कमी आहे, त्याकडे मी शेवटी येते.

आधी तुमच्या मामाच्या टीव्ही गेमचं बोलू. तोही कन्सोलच, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. ती वस्तू म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम यंत्राची तैवान-चीनकडून आलेली नक्कल. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं आणि आत तेच पाच-सहा गेम नाव बदलून फिरत राहायचे. पण त्या डब्याची एक गोष्ट पक्की होती. कॅसेट घातली, खटका दाबला, गेम सुरू. नाही झाला तर फुंकायचं. त्यापलीकडे कोणाला काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. पुढे प्लेस्टेशन आले, एक्सबॉक्स आले, तेही लोकांनी याच भरवशावर घेतले: कॉम्प्युटरपेक्षा स्वस्त, डोक्याला ताप नाही, आणि काही गेम असे की ते दुसरीकडे कुठे मिळणारच नाहीत. गेल्या आठ-दहा वर्षांत ही तिन्ही बोलणी कंपन्यांनी स्वतःच एकेक करून मोडली. पीसीनं फार मोठा पराक्रम केला असं मला वाटत नाही. तो होता तिथेच होता, कन्सोलच त्याच्या दिशेनं सरकत गेला.

पैशांपासून सुरुवात करते, कारण मुलाच्या वहीतही पहिली ओळ तीच असणार. कन्सोलची जुनी रीत अशी होती की आलेला दिवस महाग, मग दरवर्षी उतरत जाणार. प्लेस्टेशन-२ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला, २००२ मध्ये १९९ झाला, २००९ मध्ये ९९. थांबणाऱ्याला फळ मिळायचं. त्यामागचं गणित चिपचं होतं. दर दोन-तीन वर्षांनी तीच चिप आणखी लहान करून छापता यायची, सिलिकॉनच्या एका चकतीतून जास्त निघायच्या, खर्च पडायचा. प्लेस्टेशन-२ मध्ये तर सुरुवातीला वेगवेगळ्या असलेल्या दोन मुख्य चिपा पुढे एकाच चिपेत बसवल्या गेल्या. आता चिप लहान होते, पण स्वस्त होत नाही. नव्या कारखान्यांचा खर्च इतका वाढलाय की लहान चिपेचा फायदा तिथेच जिरतो.

त्यामुळे झालंय काय, तर पीएस-५, म्हणजे प्लेस्टेशन-५, आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये उतरण्याऐवजी ५४,९९० झाला. अमेरिकेतही तेच. तिथे ४९९ डॉलरचा पीएस-५ ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ वर गेला. ४९९ चाच एक्सबॉक्स सिरीज एक्स २०२५ या एका वर्षात दोनदा वाढून ६४९ झाला. पाच वर्षांचं जुनं यंत्र, आणि किंमत नवं असतानापेक्षा जास्त. जुनी म्हैस दूध कमी देते म्हणून बाजारात भाव पडतो, हे आपल्याला कळतं. इथे उलटंच चाललंय.

आणि हा झाला फक्त डब्याचा खर्च. कन्सोलचा धंदा हा प्रिंटरसारखा आहे. यंत्र त्यातल्या त्यात कमी नफ्यात विकायचं आणि शाईत वसूल करायचं. पीएस-५ आला तेव्हा प्लेस्टेशनवाल्या सोनीच्या स्वतःच्या मोठ्या गेमची किंमत आपल्याकडे ४,९९९ होती. इंटरनेटवर मित्रांबरोबर खेळायचं तर बहुतेक विकत घेतलेल्या गेमसाठी वर्षाची वर्गणी वेगळी. तुमच्या घरात इंटरनेटचं बिल तुम्हीच भरता, गेमचे पैसे तुम्हीच दिलेत, तरी ‘एकत्र खेळायची परवानगी’ म्हणून पुन्हा पैसे. प्लेस्टेशनची ही वर्गणी अमेरिकेत २०२३ मध्ये वर्षाला ६० डॉलरवरून ८० वर नेली. पीसीवर स्टीम हे मोठं ऑनलाइन दुकान आहे, व्हॉल्व कंपनीचं, २००३ पासूनचं. तिथे अशी वर्गणी नाही. किमती रुपयांत दिसतात, यूपीआय चालतं, जूनच्या शेवटी आणि डिसेंबरात मोठे सेल लागतात. घेतलेला गेम दोन आठवड्यांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत करता येतो, पैसे परत येतात. प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानात डाउनलोड सुरू केलंत की परतीचा दरवाजा जवळपास बंदच. एपिक नावाचं दुसरं दुकान २०१८ पासून ठरावीक दिवसांनी गेम फुकटच वाटतंय. माझ्या मुलीच्या खात्यात असे फुकटचे इतके गेम साठलेत की ती ते खेळत नाही, नुसती मोजते.

‘दुसरीकडे मिळणार नाही’ हा भरवसा तर कंपन्यांनी उघडच सोडून दिला. गॉड ऑफ वॉर, होरायझन, स्पायडर-मॅन, द लास्ट ऑफ अस, घोस्ट ऑफ त्सुशिमा हे गेम म्हणजे प्लेस्टेशन घेण्याचं कारण होतं. २०२० पासून सोनीनं ते एकेक करून पीसीवर आणले. हेलडायव्हर्स २ तर फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्हीकडे एकाच दिवशी आला. एक्सबॉक्सवाली मायक्रोसॉफ्ट आणखी पुढे गेली. तिचे स्वतःचे गेम पहिल्या दिवसापासून पीसीवर असतातच, आणि ज्या हेलो गेमच्या जिवावर २००१ मध्ये पहिला एक्सबॉक्स विकला गेला, त्या हेलोचं नवं रूप प्लेस्टेशनवर आणणार असल्याचं तिनं २०२५ मध्ये जाहीर केलं. माहेरचा दागिनाच सवतीला द्यावा तसं हे आहे. निन्टेन्डो मात्र अजून हटून बसलीय. मारिओ हवा तर तिचंच यंत्र घ्या. पण आपल्याकडे ती अधिकृतपणे यंत्रं विकत नाही, तेव्हा तो विषय बाजूला.

आता ‘कटकट नाही’ याबद्दल. इथे दुकानदाराचं म्हणणं पंधरा वर्षांपूर्वी अगदी बरोबर होतं.

आमच्या घरी एक कन्सोल आहे. कोणत्या कंपनीचा ते सोडा, सगळ्यांचं सारखंच. मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आला होता, वय वर्षं नऊ, संध्याकाळी पाचच्या एसटीनं परत जाणार. नवी डिस्क आणून ठेवली होती. जेवणं झाल्यावर एक वाजता आम्ही ती घातली. आधी यंत्र म्हणालं, माझं सॉफ्टवेअर जुनं झालंय. ते झालं. मग डिस्कवरचा गेम आतल्या ड्राइव्हवर उतरवणं सुरू झालं, कारण हल्ली डिस्कवरून थेट गेम चालत नाही. मग जागा कमी पडली. दोन जुने गेम उडवले, त्यातला एक नवऱ्याचा होता, तो विषय अजून निघतो. मग गेमचं स्वतःचं अपडेट आलं, कित्येक जीबीचं. निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती आणि भाचा सोफ्यावर उलटा पडून पाय भिंतीला लावून विचारत होता, “मावशी, आता?” साडेचारला त्यानं बूट घातले तेव्हा पट्टी ७१ टक्क्यांवर होती. तुमच्या कॅसेटला यातलं एकही अंग नव्हतं. म्हणजे पीसीची कटकट कन्सोलनं पुरेपूर घेतली. पीसीच्या सोयी मात्र घेतल्या नाहीत.

याचं कारणही समजून घ्या. प्लेस्टेशन-३ पर्यंत बहुतेक कन्सोलच्या पोटात खरोखर वेगळं काहीतरी असायचं. २०१३ पासून, म्हणजे पीएस-४ आणि एक्सबॉक्स वनपासून, आत सरळ एएमडी या कंपनीची पीसी जातीचीच चिप आहे. पीएस-५ मध्ये आठ कोअरचा झेन-२ प्रोसेसर, आरडीएनए-२ ग्राफिक्स आणि १६ जीबी मेमरी आहे. हे वाचून तुमच्या मुलाला ते कुठल्या साली निघालेल्या पीसीसारखं आहे हे लगेच कळेल. म्हणून आजचा कन्सोल म्हणजे कुलूप घातलेला पीसी म्हणायला हरकत नाही. किल्ली कंपनीकडे. साठवणीची जागा वाढवता येते, बाकी आत काही बदलता येत नाही. दुसऱ्या दुकानातून गेम घेता येत नाही. वर्डची साधी फाइल उघडता येत नाही.

कुलूप नसलं की काय होतं, ते आमच्याकडे रोज दिसतं. मुलीसाठी २०१८ मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक असेंबल पीसी आणला. तेव्हा बेताचाच होता. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम हे आभासी चलन पीसीची कार्डं राबवून मिळवायची ‘खाणकाम’ पद्धत बंद झाली, त्यासाठी कार्डं जाळणाऱ्यांनी ती बाजारात ओतली, भाव उतरले आणि आम्ही एक बरं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र काढणारा भाग, घेतलं. पुढच्या वर्षी एसएसडी, म्हणजे साठवणीचा वेगवान ड्राइव्ह. मग प्रोसेसर, तोही त्याच जुन्या मदरबोर्डवर बसला. कॅबिनेट तेच आहे, त्यावर तिनं आठवीत चिकटवलेला मांजरीचा स्टिकरही तोच आहे. आत मूळचं फारसं काही उरलेलं नाही. गावाकडे कसं, आधी दोन खोल्या काढतात, पोरगं नोकरीला लागलं की वरचा मजला चढवतात. पीसी तसा बांधता येतो. कन्सोल म्हणजे तयार फ्लॅट, आणि भिंत पाडायला सोसायटीची परवानगी नाही.

डिस्कबद्दलही एक सांगते, कारण तुमच्या पिढीला, म्हणजे आपल्याच, हातात काहीतरी असल्याशिवाय विकत घेतल्यासारखं वाटत नाही. कन्सोलची मला सर्वांत आवडणारी गोष्ट डिस्कच होती. खेळून झाली की विका, मित्राला द्या, अर्ध्या किमतीत वापरलेली आणा. ४,९९९ चा गेम असा फिरवला की दोन हजारांत पडायचा. हा फायदा पीसीवर केव्हाच संपला, आणि आता कन्सोलवरही संपत आलाय. २०२४ मध्ये अमेरिकेत ७०० डॉलरला आलेल्या पीएस-५ प्रोमध्ये डिस्कचा ड्राइव्हच नाही, तो वेगळा विकत घ्यायचा. (हा प्रो तेव्हा आपल्याकडे आला नाही. त्याचं वायफाय ज्या सहा गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतं, तो तेव्हा भारतात खुला नव्हता. असंही होतं.) आणि ऑनलाइन घेतलेल्या गेमचं पुढे काय? निन्टेन्डोनं थ्रीडीएस आणि वी-यूचं दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलं, एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये. यंत्र बदललं की दुकानाला टाळं लागतं. पीसीवर वीस वर्षांपूर्वीचे गेम आजही विकले आणि खेळले जातात. तिथेही सगळं अमर आहे असं मात्र नाही. युबिसॉफ्टनं ‘द क्रू’ हा गेम मार्च २०२४ मध्ये सर्व्हरसकट बंद केला, तेव्हा पीसीवाले आणि कन्सोलवाले दोघंही हात चोळत बसले.

इतकं सगळं ऐकून मुलगा तुमच्याकडे विजयी चेहऱ्यानं बघत असेल. आता त्याच्या वहीतलं गळालेलं पान.

त्यानं तुम्हाला बहुधा रॅमचा, म्हणजे पीसीतल्या मेमरीचा, आजचा भाव सांगितलेला नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव दुप्पट आणि त्याच्याही वर गेलेत, कारण एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी कितीही दिली तरी कमीच. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीनं आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं ठरवलं. घरगुती पीसी बांधणाऱ्यांचा तो नेहमीचा ब्रँड. याच मेमरीवर एसएसडीचीही भिस्त आहे, तीही महागली. तेव्हा या भाववाढीआधीच्या यूट्यूब व्हिडिओत ‘साठ हजारांत झकास पीसी’ म्हणून दाखवलेली यादी आज दुकानात नेली, तर दुकानदार हसेल.

दुसरं, सरळ पहिल्या दिवसाच्या पैशांत कन्सोल अजूनही स्वस्त पडतो. पीएस-५ जे चित्र दाखवतो तसंच दाखवणारा पीसी त्याच्या किमतीत आज बसत नाही. वर्गणी आणि गेमचे पैसे धरून चार-पाच वर्षांचा हिशेब केला तर पीसी गाठतो, आधी नाही.

तिसरं, अडखळणं. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, त्यामुळे गेमला चित्र काढायच्या सूचना तुमच्या यंत्रावर तिथल्या तिथे तयार कराव्या लागतात. त्या तयार होत असताना गेम झटके खातो. कन्सोल सगळे एकसारखे, म्हणून त्या सूचना आधीच शिजवून पाठवतात. द लास्ट ऑफ असचा पहिला भाग मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तो इतका अडखळत की लोक गेम कमी आणि तक्रारी जास्त लिहीत होते. नंतर सुधारला. पीसीवाल्याला हे चालतं, कारण त्याला दुरुस्तीतही मजा येते. तुम्हाला ती येईल का, हे स्वतःला विचारा. शाळेतून दमून आल्यावर ‘ड्रायव्हर अपडेट करा’ हे वाक्य वाचायला कोणालाच आवडत नाही.

आणि कन्सोल संपला असंही कोणी सांगितलं तर ऐकू नका. सप्टेंबर २०२५ पर्यंत सोनीनं ८.४ कोटी पीएस-५ दिले होते. तिकडे मार्च २०२५ मध्ये स्टीमवर एकाच वेळी चार कोटींहून जास्त लोक हजर होते. दोन्ही दुकानं चालू आहेत. बदललंय ते एवढंच की नव्यानं सुरुवात करणाऱ्याला, त्यातही ज्याला घरात एकच यंत्र परवडतं त्याला, कन्सोलच घ्यावा असं सांगायला पूर्वीइतकी कारणं उरली नाहीत. आपल्याकडे तर ती आधीपासूनच कमी होती. इथली पोरं सायबर कॅफेत तासावर काउंटर-स्ट्राइक खेळून मोठी झाली, नंतरची मोबाइलवर. कन्सोल मधल्यामध्ये हौसेचा राहिला.

जीटीए सहा. हो, जाहीर झालेलं आहे ते पीएस-५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. पीसीची तारीख दिलेली नाही. पण मागचा अनुभव बघा. जीटीए पाच सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलवर आला आणि एप्रिल २०१५ मध्ये पीसीवर. त्याच कंपनीचा रेड डेड रिडेम्प्शन २ ऑक्टोबर २०१८ ला कन्सोलवर, नोव्हेंबर २०१९ ला पीसीवर. उशिरा का होईना, येतो. आता जीटीए सहाची तारीख दोनदा पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६ केलीय. सर, तुम्ही शिक्षक आहात. अकरावीतला मुलगा त्या नोव्हेंबरात कितवीत असेल आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीत काय असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. तो गेम घरात उशिरा आला तर वहिनी माझ्या नावानं नारळ फोडतील. (गेम मोठ्यांसाठीच असतो, तेही लक्षात असू द्या.)

तर करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर असेंबल पीसीच घेतला असता, पण ग्राफिक्स कार्डाशिवाय. नावाच्या शेवटी ‘जी’ असलेला रायझन प्रोसेसर घ्या, त्यात बऱ्यापैकी ग्राफिक्स आतच असतं. रॅम आठ-आठ जीबीच्या दोन, एक सोळाची नको, कारण आतल्या ग्राफिक्सला दोन वाटा लागतात. एक टीबीची एसएसडी. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र आत्ताच ६५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ मिळणारा चुकूनही घेऊ नका, जळताना तो एकटा जळत नाही. मॉनिटर सध्या नको, टीव्हीला एचडीएमआय लावा आणि टीव्हीत ‘गेम मोड’ चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर माणूस उशिरा उडी मारतो. माझ्या अंदाजानं हे पन्नास-पंचावन्न हजारांत व्हायला हवं, पण भाव रोज हलताहेत. दोन-तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या, प्रत्येक भागाचं मॉडेल लिहून, आणि बिल जीएसटीचं. तुमच्याकडे वीज येऊन-जाऊन असेल तर यूपीएसचा विचार आत्ताच करा. आज साधा ६०० व्हीएचा चालेल. उद्या कार्ड बसवलं की खेळताना वीज गेली तर तो टुक्क करून हात वर करेल, तेव्हा मोठा लागेल.

उरलेले पैसे बँकेत टाका. बारावी झाली की त्यातून ग्राफिक्स कार्ड आणा. तोवर भाव खाली येवोत न येवोत, कोणतं कार्ड हे ठरवायला तुमच्या पोराला दीड वर्ष मिळेल आणि तो ते दीड वर्ष आनंदानं घालवेल. कार्डाशिवायही जीटीए पाचसारखे जुने गेम, छोट्या स्टुडिओंचे बरेचसे नवे गेम चालतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ त्याला दाखवा. गेम खेळता येतो तसा बनवताही येतो, आणि त्यासाठी लागणारं ब्लेंडर, गोडो हे सगळं पीसीवर फुकट आहे, हेही त्याच्या कानावर पडू द्या.

वहिनींना सांगा, लॅपटॉप २०२७ मध्ये, कॉलेज ठरल्यावर. कुठली शाखा, हॉस्टेल की घर, हे कळल्याशिवाय आत्ता घेतलेला लॅपटॉप गरज लागेपर्यंत जुना होतो. मुलगा लॅपटॉप घेऊन जाईल, पीसी घरी राहील. यू-डायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदीची, माहिती तुम्ही अजून मोबाइलवर दोन बोटांनी चिमटे काढत भरत असाल, तर तीही मोठ्या पडद्यावर भरता येईल. प्लेस्टेशननं हे काम केलं नसतं.

एवढ्या सगळ्यात तुमची हौस कुठे गेली म्हणाल, तर तिच्यासाठी यादीत एक ओळ वाढवा: गेम खेळायचे रिमोट दोन. एक नव्हे. मुलगा म्हणेल कीबोर्ड-माउस पुरे, त्याचं ऐकू नका. स्टीमवर ‘काँट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन’ मिळतं, २०१९ पासून आहे, मूळचा काँट्रा त्यात आहे, दोघांनी शेजारी बसून खेळायची सोय आहे. सेल लागायची वाट बघा. पहिला रिमोट तुम्ही घ्या, दुसरा त्याला द्या आणि काही सांगू नका. तिसऱ्या लेव्हलला धबधबा लागतो. पोरगं पीसीवर वाढलेलं, धडाधड वर उड्या मारत सुटेल, पडदा त्याच्याबरोबर वर सरकेल आणि तुम्ही खालच्या कडेला मराल. मामेभाऊ हेच करायचा ना?